आधी सफरचंदे, मग जमीन : इंडियन लाइन फार्मची चाळीस वर्षे

साउथ एग्रिमाँट हे मॅसॅच्युसेट्स राज्याच्या नैर्ऋत्य टोकाचे लहानसे गाव. न्यूयॉर्क आणि कनेटिकट या दोन्ही राज्यांच्या सीमा तिथून जवळ. पश्चिमेला टॅकॉनिक डोंगरांची रांग, पूर्वेला हूसाटॉनिक नदीचे खोरे. बर्कशायर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या भागात १९८५ च्या शरदात एका छोट्या गटाने सफरचंदांच्या हंगामाचे तीस वाटे काढले. वाटा घेणाऱ्याने पैसे आधी भरायचे, त्या पैशातून तोडणी, निवड आणि वाटप यांचा खर्च भागवायचा आणि झाडांनी जे दिले ते सगळ्यांनी वाटून न्यायचे, असा करार होता. पुढच्या वर्षी, १९८६ मध्ये, याच रीतीने गावातल्या इंडियन लाइन फार्मवर भाजीपाल्याची लागवड झाली. सभासदांच्या आधाराने चालणाऱ्या शेतीचा अमेरिकेतला इतिहास सांगताना या दोन हंगामांचा उल्लेख टाळता येत नाही.

या शेताविषयी लिहिणारे बहुतेक जण भाजीच्या टोपलीवर थांबतात. टोपलीचे मोल मी कमी मानत नाही. या लेखाचा मोठा भाग तिच्याविषयीच आहे. पण इंडियन लाइन फार्म आजवर टिकले ते केवळ आगाऊ भरलेल्या पैशांवर नाही. सभासदांच्या पैशाने हंगाम तरतो. शेत तरायचे तर जमिनीचा प्रश्न सोडवावा लागतो, आणि तो सुटायला इथे तब्बल चौदा वर्षे लागली. त्या चौदा वर्षांत हे शेत दोनदा संकटात सापडले होते.

ज्या शरदात सफरचंदांचे वाटे काढले गेले, त्याच शरदात, २२ सप्टेंबर १९८५ रोजी, इलिनॉयमधल्या शँपेन शहरात ‘फार्म एड’ हा पहिला मोठा संगीत कार्यक्रम झाला. विली नेल्सन, जॉन मेलेनकँप आणि नील यंग या गायकांनी तो कर्जबाजारी शेतकऱ्यांसाठी उभा केला होता. सत्तरच्या दशकात धान्याला परदेशातून मागणी होती, जमिनीचे भाव चढत होते आणि बँका हात सैल सोडून कर्जे देत होत्या. ऐंशीचे दशक उजाडता उजाडता व्याजदर भडकले, निर्यात घटली, जमिनीचे भाव कोसळले. जमीन तारण ठेवून घेतलेले कर्ज जमिनीच्या किमतीपेक्षा मोठे झाले आणि घरादारासकट लिलाव सुरू झाले.

बर्कशायरला हे दुःख नवे नव्हते. स्वातंत्र्ययुद्धात लढून परतलेले मॅसॅच्युसेट्सचे शेतकरी कर आणि कर्ज यांच्या कात्रीत सापडले होते. न्यायालये त्यांच्या जमिनी आणि जनावरे जप्त करू लागली, तेव्हा डॅनियल शेज याच्या नावाने ओळखले जाणारे बंड झाले. त्या बंडातली शेवटची चकमक २७ फेब्रुवारी १७८७ रोजी शेजारच्या शेफील्डमध्ये, एग्रिमाँटकडे जाणाऱ्या वाटेवर झाली. त्याच्याही आधी ही सारी भूमी मोहिकन लोकांची होती. १७२४ मध्ये त्यांचा प्रमुख कॉन्कापॉट आणि त्याचे सहकारी यांनी हूसाटॉनिकच्या खोऱ्यातला मोठा पट्टा वसाहतवाल्यांना दिला. मोबदला ठरला ४६० पौंड, तीन पिंपे सायडर आणि तीस क्वार्ट रम. त्या लोकांचे वंशज आज शेकडो मैल दूर, विस्कॉन्सिनमध्ये राहतात. जमीन कोणाची, हा प्रश्न या मातीत किती जुना आहे ते यावरून कळावे.

रॉबिन व्हॅन एन यांनी इंडियन लाइन फार्म घेतले ते १९८३ मध्ये. पिढीजात शेतकरी घरातून आलेल्या त्या नव्हत्या, पण माणसे जोडण्याचा त्यांचा वकूब मोठा होता. दोन वर्षांनी यान वँडर टाउन हा तरुण त्यांच्याकडे आला. त्याने स्वित्झर्लंडमध्ये झुरिकजवळ ‘टोपिनांबूर’ नावाच्या अशाच एका शेतीगटात काम केले होते, आणि पिकवणारा व खाणारा यांनी वर्षाचा खर्च मिळून उचलायचा ही कल्पना तो तिथून घेऊन आला होता. रॉबिनच्या स्वयंपाकघरात बसून हे बोलणे झाले. जॉन रूट धाकटे आणि शार्लट झानेकिया हेही त्यात आले आणि या चौघांभोवती पहिले मंडळ तयार झाले.

सुरुवात सफरचंदांनी करण्यात मोठे शहाणपण होते. भाजीपाल्यासाठी बियाणे, मशागत, रोपे, पाणी आणि सहा महिन्यांचा धीर लागतो. अनोळखी शेजाऱ्याकडे ‘पैसे आज द्या, गाजर ऑगस्टमध्ये मिळेल’ असे म्हणून गेले तर तो दार लावून घेईल. सफरचंदाची झाडे मात्र उभीच होती, फळे लगडलेली होती, हवे होते ते फक्त हात आणि थोडे खेळते भांडवल. पहिल्याच शरदात लोकांना आपला वाटा प्रत्यक्ष हातात मिळाला आणि त्या विश्वासावर हिवाळ्यात भाजीपाल्याचे वाटे काढता आले. आपल्याकडे असे गट सुरू करणाऱ्यांनी या क्रमाकडे लक्ष द्यावे, असे मला कळकळीने वाटते.

ही कल्पना एका जागी उगवली आणि तिथून पसरली असे सांगणे सोपे आहे, पण ते खरे नाही. जपानमध्ये १९७१ साली इचिराकू तेरुओ यांच्या पुढाकाराने सेंद्रिय शेती संघ स्थापन झाला होता, आणि गृहिणींचे गट थेट शेतकऱ्यांशी बांधून घेण्याची ‘तेइकेई’ ही पद्धत तिथे रुजली होती. जिनिव्हात १९७८ मध्ये ‘ले जार्दां द कोकान्य’ ही सहकारी बाग सुरू झाली. अमेरिकेतच, अलाबामातल्या टस्कीगी संस्थेत, बुकर टी. व्हॉटली हे कृष्णवर्णीय कृषितज्ज्ञ छोट्या शेतकऱ्यांना आगाऊ वर्गणी भरणाऱ्या गिऱ्हाइकांचे मंडळ बांधण्याचा सल्ला कितीतरी आधीपासून देत होते. त्यांचे नाव या इतिहासातून वारंवार गळते. ते गळू नये. आणि १९८६ च्याच हंगामात न्यू हँपशरमध्ये टेंपल-विल्टन सामुदायिक बाग सुरू झाली. तिथले ट्राउगर ग्रो जर्मनीतल्या बुशबर्गहोफ या शेतावरून आले होते. इंडियन लाइनचा आणि त्यांचा आधी काही संबंध नव्हता, तरी दोघांचे पाऊल एकाच वर्षी पडले.

दोन्हीकडची रीत थोडी वेगळी होती. टेंपल-विल्टनमध्ये वर्षाच्या सुरुवातीला सभा भरते, शेताचे अंदाजपत्रक वाचले जाते आणि प्रत्येक घर आपल्याला झेपेल तो आकडा सांगते. बेरीज कमी पडली तर आकडे पुन्हा सांगायचे. भाजी मात्र ज्याला लागेल तेवढी. इंडियन लाइनवर वाट्यांची पद्धत होती. बी, खत, इंधन, अवजारे, विमा, राबणाऱ्यांची मजुरी असा वर्षाचा खर्च मांडायचा, त्याला वाट्यांच्या संख्येने भागायचे आणि आलेली रक्कम हा एका वाट्याचा दर. यात गाजराचा किलोचा भाव कुठेच येत नाही. शेत वर्षभर चालवण्याचा खर्च सभासद उचलतो आणि शेतात जे येईल त्याचा तो धनी होतो. पुढे अमेरिकेत ही वाट्यांचीच रीत जास्त पसरली, कारण ती समजावून सांगायला सोपी होती.

सभासदाला या कराराचा खरा अर्थ उमगतो तो सप्टेंबरात. जूनमधला वाटा हलका असतो. कोशिंबिरीची पाने, मुळे, पालक, वाटाण्याच्या शेंगा; पिशवी अर्धी रिकामीच. जुलै-ऑगस्टमध्ये ती भरू लागते. सप्टेंबर लागला की उन्हाळा आणि हिवाळा दोन्ही एकाच टोपलीत येतात. टोमॅटो, वांगी, ढोबळी मिरची अजून संपलेली नसते, तोवर कांदा, बटाटा, लीक, कोबी, गाजर, बीट आणि तऱ्हतऱ्हेचे भोपळे येऊन उभे राहतात. शेजारच्या बागांत मॅकिंटॉश आणि कोर्टलँड सफरचंदांची तोडणी चाललेली असते. बर्कशायरमधल्या कुठल्याही भाजीशेतावरचे हे तीन-चार आठवडे वर्षातले सर्वांत भरघोस आणि सर्वांत दमवणारे.

कामाचा क्रम हवामान ठरवते. कांद्याच्या माना पडून पात सुकली की तो उपटायचा आणि हवेशीर छपराखाली पसरून ठेवायचा. मान नीट सुकली नाही तर साठवणीत कुजतो. लसूण जुलैतच काढून टांगलेला असतो. बटाट्याचा पाला वाळल्यावर थोडे दिवस जाऊ द्यायचे, म्हणजे साल घट्ट होते आणि खणताना सोलपटत नाही. हिवाळी भोपळ्यांची कसोटी नखाने घेतात. नख सालीत रुतले तर फळ अजून कच्चे. कापताना देठ ठेवायचाच; देठ तुटलेला भोपळा नाताळपर्यंत टिकत नाही. कापलेले भोपळे दहा-पंधरा दिवस उबदार पॉलिहाउसमध्ये पसरतात. तोवर जखमा भरून येतात. बटरनट जातीचा गर तर काढणीनंतर काही आठवडे ठेवला की जास्त गोड लागतो. म्हणून जाणता माळी पहिल्या आठवड्यात डेलिकाटा, एकॉर्न असे लवकर खायचे भोपळे वाटतो आणि बटरनट ऑक्टोबरसाठी राखून ठेवतो.

सगळ्यांचे कान असतात ते रात्रीच्या तापमानाकडे. या खोऱ्यात सप्टेंबरच्या उत्तरार्धात दव गोठण्याची पहिली रात्र येऊ शकते. आभाळ निरभ्र, वारा पडलेला, संध्याकाळीच हवेत बोचरेपणा, अशी लक्षणे दिसली की शेतावर धावपळ होते. मिरचीच्या आणि वांग्याच्या ओळींवर पांढरे क्रॉप कव्हर ताणायचे, उरलेले टोमॅटो हिरवे-पिवळे असतील तसे खुडायचे, तुळशीच्या जातीचे बेसिल आधी कापून घ्यायचे, कारण थंडीचा पहिला घाव त्याच्यावरच बसतो. अशा संध्याकाळी सभासदांना निरोप जातो आणि हातातले काम टाकून काही जण येतात. अंधार पडेपर्यंत क्रेट भरले जातात. दुसऱ्या दिवशी सकाळी ज्या ओळी झाकायच्या राहिल्या त्या काळ्या पडलेल्या असतात. पण त्याच थंडीने केल, गाजर आणि पार्सनिप गोड होतात. गोठणाऱ्या थंडीपासून बचाव म्हणून ही झाडे स्टार्चची साखर करतात. ऑक्टोबरातले गाजर खाल्लेल्या माणसाला हे वेगळे सांगावे लागत नाही.

वाटपाचा दिवस आठवड्यातून एकदा-दोनदा. कोठारात एका बाजूला फळा, त्यावर त्या आठवड्याचा वाटा लिहिलेला: गाजर इतके, कांदे इतके, एक कोबी, दोन भोपळे. खाली क्रेट मांडलेले, शेजारी तराजू. सभासद स्वतः वजन करून आपल्या पिशवीत भरतो. बहुतेक शेतांवर कोणी पहारा ठेवत नाही, आणि त्याची गरजही सहसा पडत नाही. एका कोपऱ्यात अदलाबदलीची पेटी असते. ज्याला नवलकोल नको त्याने तो तिथे ठेवायचा आणि दुसऱ्याने ठेवलेले बीट उचलायचे. चेरी टोमॅटो, घेवडा, फुले, मसाल्याची पाने यांच्या ओळी सभासदांनीच खुडायच्या असतात, त्यामुळे पिशवी भरली तरी लोक तासभर शेतात रेंगाळतात. मुले मातीत बसून गाजर तिथेच पुसून खातात.

घरी गेल्यावर दुसरे काम सुरू होते. एवढ्या भाजीचे काय करायचे? ज्या स्वयंपाकघरात वर्षभर चार-पाच भाज्याच आलटून पालटून शिजत होत्या, तिथे अचानक सेलेरीचा गड्डा, स्विस चार्ड आणि काळसर पानांचा केल येऊन पडतो. म्हणून शेताकडून वाट्याबरोबर पत्रक येते. त्यात शेतातली हालहवाल आणि एक-दोन पाककृती. सभासद आपापल्या कृती लिहून पाठवतात. कोणी टोमॅटोचा रस बाटल्यांत भरतो, कोणी कोबी मिठात आंबवतो, कुठे दोन घरे मिळून एक दिवस ठरवतात आणि हिवाळ्याची बेगमी करून टाकतात. पहिल्या वर्षी भाजी वाया जाते म्हणून वाटा सोडणारेही असतात. दुसऱ्या वर्षी टिकलेला सभासद मात्र सहसा सुटत नाही. तोवर त्याचा आठवड्याचा स्वयंपाक शेताच्या चालीने चालू लागलेला असतो.

काही सभासद पैशाऐवजी श्रमाचा वाटा घेतात. हंगामभर आठवड्यातून ठरलेले तास शेतात काम करायचे आणि वाट्याची किंमत तशी फेडायची. ज्या घरात रोकड कमी त्यांना याचा आधार होतो. पुष्कळ शेतांवर काही वाटे कमी दराने देण्यासाठी बाकीचे सभासद थोडी जास्त रक्कम भरतात. हे सगळीकडे साधत नाही. आगाऊ रक्कम एकदम भरणे हातावर पोट असलेल्यांना कठीण, आणि त्यामुळे ही चळवळ बराच काळ सुखवस्तू लोकांपुरती राहिली, हा आक्षेप खरा आहे.

वाट्यात पिकाबरोबर जोखीमही येते, आणि तिची परीक्षा याच दिवसांत होते. २००९ च्या उन्हाळ्यात करपा रोग (लेट ब्लाइट) ईशान्य अमेरिकेत फार लवकर आणि फार दूरवर पसरला. मोठ्या दुकानांतून विकल्या गेलेल्या रोगट रोपांनी तो गावोगाव नेला. टोमॅटोची शेतेच्या शेते काही दिवसांत जळाली. त्या वर्षी अनेक शेतांच्या सभासदांना टोमॅटो जवळजवळ मिळालाच नाही. पुढे २८ ऑगस्ट २०११ रोजी आयरीन वादळ आले आणि व्हरमाँट, पश्चिम मॅसॅच्युसेट्स व हडसनच्या खोऱ्यातली नदीकाठची शेते काढणीच्या तोंडावर पाण्याखाली गेली. पुराचे पाणी लागलेला भाजीपाला खाण्यासाठी विकता येत नाही, त्यामुळे उभे पीक नांगरून टाकावे लागले. बाजारात माल विकणाऱ्या शेतकऱ्याचे अशा वेळी सगळेच जाते. सभासदांच्या शेतावर बियाणे, खत आणि मजुरी यांचे पैसे वसंतातच भरलेले होते, म्हणून शेतकरी पुढच्या वर्षी उभा राहू शकला. परतावा मागणारे सभासद थोडेच निघाले. उलट चिखल काढायला आणि मदत गोळा करायला बरेच आले. काढणीचा सण साजरा करणे सोपे असते. काढणी नसताना वाटा धरून राहणाऱ्या या लोकांविषयी मला मनापासून आदर वाटतो.

इंडियन लाइनचे सभासद पहिल्या काही वर्षांत झपाट्याने वाढले आणि तिथेच अडचण सुरू झाली. मंडळ लोकांचे, पीक लोकांचे, पण जमीन एका व्यक्तीच्या नावावर. गटाने वर्षानुवर्षे माती सुधारायची, कुंपण घालायचे, कोठार दुरुस्त करायचे, तर उद्या ती जागा आपल्याकडे राहील याची हमी काय? आणि जिच्या नावावर जमीन आहे तिने घरासकट सगळे पणाला किती काळ लावायचे? कोणा एकाचा हा दोष नव्हता. करारातच ही फट होती. १९९० मध्ये मतभेद टोकाला गेले, बहुसंख्य सभासद आणि माळी बाहेर पडले आणि त्यांनी जवळच ‘महाइवी हार्वेस्ट’ नावाने दुसरी बाग सुरू केली. जिथून सुरुवात झाली ते शेत मागे राहिले.

रॉबिन खचल्या नाहीत. त्यांनी या पद्धतीची एक साधी मार्गदर्शक पुस्तिका लिहिली होती. ती हातोहात देशभर गेली. अंदाजपत्रक कसे मांडायचे, मंडळ कसे बांधायचे, करार कसा लिहायचा, असे त्यात सगळे कामाचे. १९९२ मध्ये त्यांनी नव्या गटांना मदत करणारी संस्था काढली. बोलावतील तिथे त्या जात, परदेशातही गेल्या. यान वँडर टाउन पुढे ओरेगनमध्ये सायकलींच्या आणि पर्यायी वाहतुकीच्या कामाकडे वळला. जानेवारी १९९७ मध्ये दम्याच्या तीव्र झटक्याने रॉबिन यांचे अकाली निधन झाले. त्या वेळी अमेरिकेत अशी शेकडो शेते सुरू झाली होती. एलिझाबेथ हेंडरसन यांनी रॉबिनच्या सहभागाने हाती घेतलेला ‘शेअरिंग द हार्व्हेस्ट’ हा ग्रंथ १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. बर्कशायरमध्ये २००६ पासून ‘बर्कशेअर’ नावाचे स्थानिक चलन चालते. त्याच्या दहाच्या नोटेवर रॉबिन यांचे चित्र आहे. वीसच्या नोटेवर हर्मन मेलव्हिल आणि पाचच्या नोटेवर ग्रेट बॅरिंग्टनमध्ये जन्मलेले डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस आहेत. भाजीवाल्या बाईला या मंडळींच्या रांगेत बसवणाऱ्या गावाचे कौतुक केले पाहिजे.

रॉबिन यांच्या मागे शेत त्यांच्या मुलाकडे आले आणि ते विकण्यावाचून गत्यंतर उरले नाही. एलिझाबेथ कीन आणि अल थॉर्प हे तरुण जोडपे तेव्हा तिथे भाजी पिकवू लागले होते, पण जमीन विकत घेणे त्यांच्या आवाक्याबाहेरचे होते. बर्कशायर हा न्यूयॉर्ककरांचा सुट्टी घालवायचा प्रदेश. तिथे जमिनीचा भाव ठरतो बंगल्यांच्या हिशेबाने. गाजराच्या हिशेबाने तो कोणालाच परवडत नाही.

इथे ग्रेट बॅरिंग्टनच्या ई. एफ. शूमाकर सोसायटीचे रॉबर्ट स्वान आणि सुझन विट पुढे आले. १९९९ मध्ये तीन पक्षांनी मिळून व्यवहार केला. जमीन घेतली सदर्न बर्कशायर्सच्या सामुदायिक भूमिन्यासाने. शेताला लागून दुर्मीळ वनस्पती-प्राण्यांची एक दलदल आहे, तिच्या रक्षणासाठी ‘नेचर कॉन्झर्व्हन्सी’ने जमिनीवर बांधकाम होणार नाही असा कायमचा हक्क विकत घेतला. आणि शेतकरी जोडप्याने फक्त घर, कोठार आणि इमारती घेतल्या. जमीन त्यांना ९९ वर्षांच्या, वारसांकडे जाऊ शकणाऱ्या भाडेपट्ट्याने मिळाली. अट अशी की शेती चालूच ठेवायची. घर विकायचे झाले तर ते बांधकामाच्या किमतीला, जमिनीचा चढलेला भाव त्यात धरायचा नाही, म्हणजे पुढच्या शेतकऱ्यालाही ते परवडावे. गावातल्या लोकांनी भूमिन्यासासाठी देणग्या दिल्या. यातले कितीतरी लोक भाजीचे सभासदही नव्हते.

या भूमिन्यासाचा एक धागा थेट महाराष्ट्रात येतो. रॉबर्ट स्वान दुसऱ्या महायुद्धात लढायला नकार दिल्याबद्दल तुरुंगात गेलेले गृहस्थ. जमिनीचा विचार करताना त्यांच्यासमोर विनोबांचे उदाहरण होते. कोकणातल्या गागोद्यात जन्मलेल्या विनोबांना १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्लीत शंभर एकरांचे पहिले भूदान मिळाले. पण एकेका भूमिहीनाला दिलेली जमीन अवजारे आणि भांडवल नसल्यामुळे पुन्हा सावकाराच्या घशात जाऊ लागली, तेव्हा विनोबा ग्रामदानाकडे वळले. जमिनीची मालकी गावाची आणि कसण्याचा हक्क कुटुंबाचा. स्वान आणि नागरी हक्क चळवळीतले स्लेटर किंग, चार्ल्स शेरॉड इत्यादींनी इस्रायलमधली भाडेपट्ट्याची पद्धतही अभ्यासली आणि १९६९ मध्ये जॉर्जियात ‘न्यू कम्युनिटीज’ हा पहिला सामुदायिक भूमिन्यास उभा केला. कृष्णवर्णीय शेतकऱ्यांची ती हजारो एकरांची वसाहत कर्जाच्या वसुलीत हातची गेली ती १९८५ मध्येच. बर्कशायरचा न्यास १९८० पासून त्याच विचारावर चालत होता. महाराष्ट्रात ग्रामदानाचा कायदा १९६४ पासून आहे आणि गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने २०१३ मध्ये त्याची वाट धरली. आपल्याकडे बहुतांशी कागदावर आणि स्मरणात राहिलेला हा विचार मॅसॅच्युसेट्सच्या एका भाजीशेताने प्रत्यक्ष वापरून दाखवला, ही गोष्ट मराठी वाचकाला ठाऊक असायलाच हवी.

कीन आणि थॉर्प यांनी पुढे दोन दशकांहून अधिक काळ ते शेत कसले आणि सभासदांचे वाटे तिथे पुन्हा सुरू झाले. तोवर कल्पना फार दूर गेली होती. २००१ मध्ये फ्रान्समध्ये ओबान्य इथे व्ह्यूयों दांपत्याने, न्यूयॉर्कमध्ये असे वाटप पाहून, त्या देशातला पहिला गट सुरू केला. अमेरिकी कृषी खात्याच्या २०१५ च्या पाहणीत ७,३९८ शेते या पद्धतीने माल देत होती. त्याच वेळी एक घसरणही झाली. कुठल्याही शेताशी बांधील नसलेल्या कंपन्या खोक्यात भाजी भरून घरपोच देऊ लागल्या आणि तिलाही सभासदांच्या आधाराची शेती म्हणू लागल्या. तिथे ग्राहक हवे तेव्हा सोडून जातो आणि पीक गेल्याचा फटका शेतकऱ्यालाच बसतो. खोके तेच, करार मात्र उरला नाही. दुसरी उणीव शेतावरचीच आहे. वाट्याचा दर फार वाटू नये म्हणून पुष्कळ शेतकरी खर्चाच्या यादीत स्वतःची मजुरी धरतच नाहीत, किंवा नावापुरती धरतात. काही हंगामांनी ते थकून शेत सोडतात आणि सभासदांना त्याचे कारण कधी कळत नाही.

या लेखाचे बरेच वाचक स्वतः कुठल्या ना कुठल्या भाजीगटाचे सभासद असतील. पुढच्या हंगामाचे पैसे भरताना आपल्या शेतकऱ्याला दोन गोष्टी जरूर विचारा. खर्चाच्या यादीत तुमची मजुरी पूर्ण धरली आहे का? आणि ही जमीन अजून किती वर्षे तुमच्या हातात आहे? उत्तर ऐकून काळजी वाटली, तर गटाची पुढची बैठक त्याच विषयावर बोलवा.